नेत्यांशी शहराबद्दल बोलायचंय? हॉलच्या किल्लीपासून सुरुवात करा

शहर वाढायला लागलं की कुणीतरी हा प्रस्ताव घेऊन येतोच : शहरातल्या नेतेमंडळींशी गप्पांची एक मालिका करू या. महापौर, उद्योगांचे प्रतिनिधी, जुन्या संस्थांचे अध्यक्ष, प्रार्थनास्थळांचे विश्वस्त, वस्त्यांमधले कार्यकर्ते. प्रत्येकाशी तासभर बोलायचं, विषय शहराची संस्कृती आणि समाजजीवन. कट्ट्यावर हा प्रस्ताव निघाला आणि वकिलाने पहिल्याच वाक्यात तो झोडून काढला. पुढची चर्चा कामाची झाली, म्हणून लिहून काढतो आहोत. नावं कुणाचीच घातलेली नाहीत. कट्ट्यावर ज्याला ज्या नावाने हाक मारतात तीच ठेवली आहे.

"अरे, ऐकल्यात ना अशा मुलाखती?" वकील म्हणाला. "आपल्या शहराला समृद्ध परंपरा आहे, विविधता ही आपली ताकद आहे, तरुण पिढी आपलं भविष्य आहे. शहराचं नाव खोडून दुसरं घाला, बाकी एक शब्द बदलावा लागत नाही. तासभर नुसती विशेषणं. त्यातून एका तरी नाटकमंडळीला तालमीला जागा मिळाल्याचं दाखवा."

रेकॉर्डिंगवाल्याचं म्हणणं, दोष प्रश्नाचा आहे. "'तुमच्या मते शहराची ओळख काय' असं विचारलंस तर समोरचा भाषणच करणार, दुसरं काय करेल? त्यालाच असं विचारून बघ : तुमच्या वॉर्डात संध्याकाळी सातनंतर तीस माणसांना बसता येईल अशी खोली कुठे आहे? तिची किल्ली कुणाकडे असते? ती मिळवायला कुणाला फोन करावा लागतो? आता विशेषण लावायला जागाच नाही. एक तर उत्तर येतं, नाहीतर 'माहीत नाही' येतं. दोन्ही उपयोगाचं आहे."

इथे शहरनियोजनाचं काम करणारी प्लॅनर मध्ये पडली. तिचा मुद्दा असा की हा प्रश्न नेत्यासमोर बसून पहिल्यांदा विचारायचाच नाही. उत्तर आधी आपल्याकडे असलं पाहिजे. मालिका सुरू करायच्या आधी महिनाभर फक्त खोल्यांची यादी करायची. सार्वजनिक हॉल, शाळांची सभागृहं, वाचनालयं, प्रार्थनास्थळांची तळघरं, सोसायट्यांच्या गच्च्या, उद्यानातले मंच, जिथे म्हणून माणसं जमू शकतात ते सगळं. प्रत्येक जागेसमोर किती माणसं बसतात, किल्ली कुणाकडे, उघडायची-मिटायची वेळ, भाडं आणि अनामत, अर्ज कुठे आणि कधी घेतात, स्वच्छतागृह चालू आहे का, व्हीलचेअर आत जाते का, विजेचे किती पॉइंट आहेत आणि सामान ठेवायला कपाट आहे का. व्हीलचेअरच्या रकान्यात नुसतं 'हो' लिहायचं नाही. उतार मोजायचा. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो, त्याहून खडा असेल तर तो कागदावरचा उतार.

"कपाट कशाला?" वकिलाने विचारलं.

"कारण तबला-पेटी रोज घरून आणून कुणी सराव करत नाही. पडदे, पोशाख, प्रोजेक्टर, मुलांचे रंग ठेवायला जागा नसली की दोन महिन्यांत गट मोडतो. आणि कारण म्हणून 'हल्ली लोकांना वेळ नाही' असं सांगितलं जातं. कुलूप लागणारं एक कपाट हा या सगळ्या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित रकाना आहे."

मग तिने एका हॉलचं गणित मांडलं. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण जवळजवळ प्रत्येक वाढत्या शहरात ते थोड्याफार फरकाने असंच असतं. हॉल सरकारी, दीडशे खुर्च्यांचा, भाडंही परवडणारं. तरी आठवड्यातून चार दिवस रिकामा. नेत्याला विचारलं तर उत्तर येतं, लोकच येत नाहीत. आता मागून पुढे जाऊ. पहारेकऱ्याची पाळी रात्री नऊला संपते, म्हणून हॉल साडेआठला रिकामा करून मागतात. नोकरी करणारी माणसं वाढत्या शहरात लांबून येतात, साडेसातच्या आत पोचत नाहीत. म्हणजे हातात तास उरतो, त्यात खुर्च्या लावणं-काढणं आलं. बुकिंगचा अर्ज कार्यालयीन वेळेतच घेतात, म्हणजे अर्जासाठी कुणीतरी अर्धी रजा टाकायची. अनामत कार्यक्रमासाठी ठरवलेली असते, तीच तालमीलाही लावतात. आणि पाळी दोन तास वाढवायची तर जादा तासांचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा हे अंदाजपत्रकात नाही, म्हणून खात्यातला कुणीही सही करत नाही.

"आता या माहितीवर नेत्यासमोर बस," प्लॅनर म्हणाली. "'हॉल रात्री साडेदहापर्यंत उघडा ठेवायचा तर पहारेकऱ्याच्या जादा तासांची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात तुम्ही सुचवाल का?' हा संस्कृतीवरचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हो, नाही किंवा बघतो एवढंच असू शकतं, आणि तिन्ही नोंदवता येतात."

मास्तरांना हे पटलं, पण अर्धंच. त्यांचं म्हणणं, माणसाला थेट अंदाजपत्रकाच्या शीर्षावर धरलंत तर तो अंग चोरतो. पहिली दहा मिनिटं त्याला त्याच्या भागाबद्दल मोकळं बोलू द्यावं. "पण बोलायला लावायचं ते ठिकाणांवरून. 'तुमच्या भागात आधी कुठे माणसं जमायची आणि आता कुठे जमतात?' माणूस नकाशा डोळ्यांसमोर आणून बोलायला लागला की तपशील आपोआप येतात. कुठला ओटा गेला, कुठलं मैदान पार्किंग झालं, कुणी हरकत घेतली होती. आणि हो, छापील नकाशा समोर ठेवावा. मोठा. हातात पेन द्यावं."

"नकाशा चालेल मास्तर," रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "पण तो टेबलावर टेपने चिकटवा. नाहीतर सगळ्या रेकॉर्डिंगभर कागदाची सळसळ. आणि बोट ठेवून 'इथे, इथे' म्हणतात ते ऐकताना काही कळत नाही. लगेच आपण मोठ्याने म्हणायचं : म्हणजे जुन्या पुलाच्या पलीकडे, शाळेच्या मागे."

खरा वाद पेटला तो नेता कोण यावर. मास्तर म्हणाले, सुरुवात महापौरांपासून करावी, म्हणजे बाकीचे दारं उघडतात. ताई वस्त्यांमध्ये काम करते, तिने सरळ नाही म्हटलं.

"मास्तर, वरून सुरुवात केलीत की खालचा माणूस वरच्याचं उत्तर ऐकूनच बोलतो. महापौर म्हणाले सगळं छान चाललंय, तर उद्यानाच्या मंचाची नोंदवही सांभाळणारा कारकून काय वेगळं बोलणार? त्याची नोकरी आहे. आधी किल्लीवाल्यांशी बोलायचं. वाचनालयाची बाई, हॉलचा पहारेकरी, बुकिंगचा कारकून, क्रीडांगणाचा माळी, शाळेचा शिपाई. कोण येतं, कोण परत जातं, कुणाला काय कारण सांगून नाकारतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. तेही रेकॉर्डिंगशिवाय, नाव न घालता. मग मधले लोक. शेवटी निवडून आलेले."

क्रम ताईचाच बरोबर आहे. फक्त मास्तरांच्या बोलण्यातली एक गोष्ट ठेवायला हवी : वरच्यांना आधी पत्र पाठवून कळवावं की असं काम सुरू आहे. नाहीतर तिसऱ्या मुलाखतीनंतर 'आम्हाला न विचारता हे काय चाललंय' असा फोन येतो आणि खालची माणसं गप्प होतात.

यादी वाढवायची पद्धतही ताईने सांगितली. पाच वेगवेगळ्या टोकांपासून सुरुवात. प्रत्येकाला शेवटी विचारायचं : अशी तीन माणसं सांगा, ज्यांच्याकडे लोक अडचण घेऊन जातात पण ज्यांचा फोटो कधी फलकावर नसतो. नावं पुन्हापुन्हा तीच यायला लागली की त्या भागापुरतं थांबायचं. पण एकाच टोकापासून सुरू केलंत तर नावं लवकर फिरायला लागतात आणि पूर्ण झाल्याचा भास होतो. खरं म्हणजे तुम्ही एकाच गोतावळ्यात फिरत असता. म्हणून मध्येच यादी चाळायची. भाड्याने राहणारे किती आहेत? गेल्या पाच वर्षांत शहरात आलेले किती? रात्रपाळीवाले? बायका किती, आणि त्यातल्या कुणाच्या तरी पत्नी म्हणून किती?

"आणि 'अमुक समाजाचे प्रतिनिधी' म्हणून जो माणूस कायम पुढे केला जातो," ताई पुढे म्हणाली, "त्याच्याशी जरूर बोला. पण त्याच्या समाजातल्या आणखी दोघांशी त्याच्या गैरहजेरीत बोला. एक त्याच्याहून लहान, एक बाई. वाढत्या शहरात बाहेरून आलेल्या लोकांचा एकच आवाज ऐकला जातो, कारण प्रशासनाला एकच फोन नंबर सोयीचा असतो."

वकील एवढा वेळ गप्प होता. त्याने आता मूळ आक्षेप पुन्हा काढला. "ठीक आहे, हॉल आणि किल्ल्या. पण शहर वाढतं तेव्हा संस्कृती मरते ती भाड्यामुळे आणि नव्या इमारतींमुळे. त्यावर वॉर्डातला नेता काय करणार? तो बाजाराचा विषय आहे."

"नियमाचा विषय आहे, आणि तुलाच ते माहीत असायला हवं," प्लॅनरने उलट सुनावलं. तिने लंडनचे आकडे काढले. तिथे संगीताचे लहान कार्यक्रम करणारी ठिकाणं २००७ मध्ये १३६ होती, २०१५ पर्यंत ८८ उरली. आठ वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त गेली. त्यामागची कारणं अनेक, वाढती भाडी आणि कर हे आहेतच. पण एक कारण सरळ नियोजनातलं. वीस वर्षं चालू असलेल्या ठिकाणाशेजारी फ्लॅट उभे राहतात. नवे रहिवासी येतात, रात्री दहाला आवाजाची तक्रार करतात. तक्रार खरीच असते, त्यांना झोप लागत नाही. मग परवाना धोक्यात येतो आणि ध्वनिरोधनाचा खर्च जुन्या ठिकाणावर पडतो. तो त्याला झेपत नाही.

यावर उपाय निघाला तो साधा आहे : बदल जो आणतो, खर्च त्याचा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये हे तत्त्व नियोजनाच्या नियमांत घातलं. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ते २०१८ मध्ये आलं. चालू ठिकाणाशेजारी घरं बांधायची तर आवाजाचा बंदोबस्त बांधणाऱ्याने करायचा, तोही इमारत पूर्ण व्हायच्या आत. उलटंही लागू होतं. घरांच्या शेजारी नवं ठिकाण सुरू करायचं असेल तर बंदोबस्त ठिकाणवाल्याने करायचा.

"आणि हा बंदोबस्त नुसती जाड काच लावून होत नाही," ती म्हणाली. "ढोल, बास गिटार यांचा खालच्या पट्टीतला आवाज भिंती आणि स्लॅबमधून जातो. बेडरूम त्या बाजूला न ठेवणं हा पहिला उपाय, तो नकाशा मंजूर होतानाच करता येतो, नंतर नाही. दुसरं, खिडक्या कायम बंद ठेवून आवाज थांबवणार असाल तर हवा खेळायची वेगळी सोय लागते. ती नसली की उन्हाळ्यात खिडक्या उघडतात आणि तक्रारी परत सुरू होतात. नेत्याला विचार, तुमच्या नियमांत ही तरतूद आहे का, नसेल तर ठराव आणाल का, आणि आजपर्यंत किती बांधकाम परवान्यांत शेजारच्या चालू ठिकाणाची नोंद घेतली."

भाड्याबद्दल वकिलानेच मग सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण पुढे केलं. एकदा कायद्याचं नाव निघालं की तो मागे राहत नाही. तिथे ३० वर्षांहून जुने आणि परिसराच्या ओळखीत भर घालणारे व्यवसाय आणि संस्था यांची नोंदवही आहे. २०१५ मध्ये मतदारांनी त्यांच्यासाठी निधी मंजूर केला. त्यातला बारकावा महत्त्वाचा : पैसे फक्त जुन्या दुकानदारासाठी ठेवले नाहीत, त्याला दहा वर्षांचा किंवा जास्त मुदतीचा भाडेकरार देणाऱ्या जागामालकासाठीही ठेवले. "मालकाला नुसतं 'जुन्याला सांभाळून घ्या' सांगून काही होत नाही, हे त्यांनी ओळखलं. आणि नोंदवहीत नाव यायला महापौर किंवा निवडून आलेल्या सदस्याची शिफारस लागते. म्हणजे नेत्याला थेट विचारता येतं : तुमच्या भागातल्या कुठल्या पाच जागांची शिफारस कराल, आणि का?"

ताईला या उदाहरणात एक खोट दिसली. तीस वर्षांची अट लावली की बाहेरून नुकत्याच आलेल्या लोकांनी उभं केलेलं काहीच बसत नाही, आणि वाढत्या शहराचं अर्धं आयुष्य तिथेच चाललेलं असतं. तिने ब्राझीलचा दाखला दिला. २००४ मध्ये, गिल्बर्तो जिल संस्कृतिमंत्री असताना, तिथे 'संस्कृती-बिंदू' सुरू झाले. सरकारने नवी केंद्रं बांधली नाहीत. वस्त्यांमध्ये आधीपासून चालू असलेले गट शोधले, त्यांना काही वर्षांचे पैसे दिले आणि सोबत ध्वनी-चित्रीकरणाचा संच दिला. ढोलपथक असो, कठपुतळीवाले असोत, मूळनिवासींची शाळा असो, गट जिथे होता तिथेच राहिला.

"मग अडलं कुठे ते सांग," वकील म्हणाला.

"हिशेबात. मोठ्या कंत्राटदाराला लावतात ते कागद आठ जणांच्या नाचणाऱ्या गटाला लावले. पावत्या, निविदा, प्रत्येक खर्चाचा खुलासा. गट चांगलं काम करत होते आणि कागदात नापास होत होते. पुढचे हप्ते रखडले, काहींवर पैसे परत करायची पाळी आली. शेवटी २०१४ मध्ये वेगळा कायदा करून हिशेबाची पद्धत सोपी करावी लागली. पैसे कशावर गेले यापेक्षा ठरलेलं काम झालं का, यावर भर आला. म्हणून नेता म्हणाला की 'आम्ही सांस्कृतिक अनुदान देतो', तर पुढचा प्रश्न लगेच : अर्ज किती पानांचा आहे, नोंदणी नसलेला गट अर्ज करू शकतो का, आणि मंजुरीपासून पहिला हप्ता हातात पडायला किती दिवस लागतात?"

इमारतींबद्दल मास्तर हळवे आहेत. त्यांनी कोलंबियातल्या मेदेयीनचं नाव काढलं. सर्वात गरीब आणि हिंसाचाराने होरपळलेल्या टेकड्यांवर तिथे वाचनालय-उद्यानं उभारली, चांगल्यातल्या चांगल्या वास्तुकारांकडून. डोंगरवस्तीतल्या मुलाला शहरातली सर्वात देखणी इमारत आपल्या दारात मिळाली. त्याचं मोल कमी लेखू नये, हे मास्तरांचं म्हणणं आम्हा सगळ्यांना मान्य आहे. पण त्यातलं सर्वात गाजलेलं, २००७ मध्ये उघडलेलं एस्पान्या वाचनालय, बाहेरच्या आवरणात आणि बांधकामात दोष निघाल्याने पुढे बंद करावं लागलं. प्लॅनरने यावरून एवढंच सांगितलं की नव्या सांस्कृतिक इमारतीची घोषणा झाली की नेत्याला उद्घाटनाची तारीख विचारू नये, पहिल्या पाच वर्षांचा देखभालीचा आकडा विचारावा. वीज, सफाई, गळती, माणसांचे पगार. तो आकडा तयार नसेल तर इमारत कधी बंद पडायला लागेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि इमारतच हवी असंही नाही. कोलंबियाच्याच राजधानीत, बोगोतात, १९७४ च्या डिसेंबरात लोकांनी काही रस्ते गाड्यांसाठी बंद करून सायकली काढल्या. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते माणसांसाठी मोकळे असतात. त्याला लागतात ते अडथळे, फाट्यांवर उभी राहणारी माणसं आणि कधीही न बदलणारी वेळ. वेळ न बदलणं सर्वात महत्त्वाचं. 'महिन्यातून एखादा रविवार, सोयीनुसार' असं केलं की लोकांना ती सवय लागत नाही आणि तीन महिन्यांत 'प्रतिसाद नाही' म्हणून गुंडाळतात.

आता रेकॉर्डिंगचं. यात आमच्या रेकॉर्डिंगवाल्याइतका हट्टी माणूस नाही, आणि हट्ट योग्य आहे, कारण नेत्याची मुलाखत पुन्हा मिळत नाही.

जागा त्याच्या कार्यालयात घेऊ नये. तिथे दर चार मिनिटांनी कुणीतरी सहीला येतं आणि माणूस पदाला शोभेल अशा आवाजात बोलतो. त्याच्या भागातलं वाचनालय किंवा शाळेचा वर्ग बरा. पुस्तकांची कपाटं आणि पडदे आवाजाचा घुमारा खातात, काचेची बैठकखोली सगळं परत फेकते. पंखा, एसी, फ्रिज बंद करायचे. फ्रिज बंद केला तर गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवायची, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरत नाही. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फुत्कार थेट लागत नाहीत. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या हसण्याला उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवायची. नेते मंडळी शांत सुरू करतात आणि तिसऱ्या मिनिटाला सभेत असल्यासारखी चढतात, तेव्हा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. दुसरं यंत्र कायम समांतर चालू, निदान फोन तरी, विमान मोडवर. शेवटी कुणीही न बोलता त्याच खोलीची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करायची. संपादन करताना काप जिथे येतो तिथे ती भरावी लागते.

"आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं," तो म्हणाला. "मनात पाचपर्यंत मोजायचं. उत्तर संपल्यासारखं वाटतं तेव्हा खरं उत्तर सुरू होतं. दोन प्रश्न एकात जोडायचे नाहीत, कारण माणूस सोपा निवडतो आणि अवघड हवेत राहतो. आकडा सांगितला की तिथेच विचारायचं, हा कुठल्या वर्षाचा, कुठल्या कागदात आहे. नंतर फोन करून विचारलं तर कोणी सांगत नाही."

संमतीच्या कागदावरून वकिलाने बराच वेळ घेतला. त्याची मांडणी अशी. बसायच्या आधी लेखी ठरवायचं की रेकॉर्डिंग कुठे वापरलं जाईल, किती काळ ठेवलं जाईल, आणि 'हे छापू नका' म्हणायचं असेल तर ते बोलायच्या आधी म्हणायचं, बोलून झाल्यावर नाही. उतारा बोलणाऱ्याकडे तपासायला जरूर पाठवायचा, पण त्याला काय बदलता येईल हे स्पष्ट हवं. चुकलेलं नाव, आकडा, तारीख दुरुस्त करता येईल. मत मागे घेता येणार नाही, हवं तर खाली पुस्ती जोडता येईल. ही अट आधी सांगितली नाही तर उतारा स्वीय सहायकाकडे जातो आणि परत येतो तेव्हा त्याचं निवेदन झालेलं असतं.

ताईने इथे त्याला अडवलं. हीच अट पहारेकऱ्याला किंवा वस्तीतल्या बाईला लावायची नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने आपल्या शब्दाला बांधून राहावं. ज्याला बोलल्यामुळे झळ बसू शकते त्याला छापून येईपर्यंत कधीही माघार घेता यावी. दोन वेगळे कागद करा. वकिलाने थोडा विचार केला आणि मान्य केलं.

वेळेचा अंदाज बहुतेक जण चुकवतात. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास जातात, दोन भाषा मिसळलेल्या असतील तर त्याहून जास्त. दुभाषी लागणार असेल तर मुलाखतीलाच दुप्पट वेळ धरायचा. वीस मुलाखती आणि उतरवायला एक माणूस, असं ठरवलंत की निम्म्यातच काम तुंबतं. बारा करा, पण पूर्ण करा. आणि निवडणुकीच्या आधीचे तीन महिने कुणालाही बोलवू नका. त्या काळात उत्तर मतदाराला दिलेलं असतं, विचारणाऱ्याला नाही. सर्वात चांगला काळ म्हणजे अंदाजपत्रकाच्या तयारीआधीचे दोन-तीन महिने, कारण तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायला जागा कमी असते.

मुलाखत छापून झाली की काम संपलं असं धरतात, आणि प्लॅनरच्या मते मालिका इथेच वाया जाते. तिने वहीचं एक पान आखून दाखवलं. डावीकडे नेत्याने शब्दशः काय म्हटलं, मग ते कुणाच्या अधिकारात आहे, मग तारीख, शेवटी सहा महिन्यांनी काय झालं. दुसरा रकाना फार उपयोगी पडतो. नेते मनापासून आश्वासन देतात आणि ते खातं त्यांच्या हातातच नसतं. मैदान क्रीडा विभागाचं, दिवे विद्युत विभागाचे, मंचाचा परवाना पोलिसांचा. हे कळलं की पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा ते कळतं, आणि त्या नेत्यावर उगीच खोटेपणाचा शिक्का बसत नाही. सहा महिन्यांनी रकाना भरून तोच कागद आधी त्याला पाठवायचा, आठ दिवस उत्तराला द्यायचे, मग सगळ्यांसमोर ठेवायचा.

"आणि जो बोलायलाच तयार नाही त्याचं काय?" रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं. यावर एकमत झालं नाही. वकील म्हणतो, ज्यांनी नकार दिला त्यांची नावं तारखेसकट छापा. मास्तर म्हणतात, नकाराला शंभर कारणं असतात, आणि एकदा नाव छापलं की तो माणूस कायमचा गेला. ताईचा तोडगा असा : निवडून आलेल्यांची नावं छापायची, बाकी कुणाचीही नाही.

शेवटचा वाद मूळ प्रश्नावर परत आला. हे सगळं नीट केलं तरी ते माणसांच्या इच्छेवर चालतं, वकिलाचं म्हणणं. त्याने पोर्तो अलेग्रेचं उदाहरण दिलं. ब्राझीलमधल्या या शहराने १९८९ पासून लोकांबरोबर बसून अंदाजपत्रक ठरवलं. शहराचे १६ विभाग, प्रत्येकात सभा, सभेतून प्रतिनिधी. पैसे वाटताना विभागाची लोकसंख्या, तिथली उणीव आणि लोकांनी दिलेला प्राधान्यक्रम यांना गुण. पुढे १९९४ पासून विभागांपलीकडच्या विषयांच्या सभाही सुरू झाल्या, त्यात संस्कृती होती. जगभर त्याची नक्कल झाली. आणि २०१७ मध्ये नव्या प्रशासनाने ते स्थगित केलं. "जवळपास तीन दशकं चाललेली गोष्ट. तुमच्या बारा मुलाखती कुठे टिकणार?"

"केरळ बघ मग," प्लॅनर म्हणाली. "१९९६ मध्ये राज्याने योजनेच्या निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचा निर्णय घेतला. सरकारं बदलत राहिली, तरी स्थानिक संस्थांना वाटा देणं थांबलं नाही. कारण एकदा पैसा हातात आल्यावर तो परत घेणं कुठल्याही पक्षाच्या स्थानिक नेत्याला परवडत नाही. म्हणून मी पहिल्यापासून किल्लीबद्दल बोलते आहे. मुलाखतीतून एका हॉलची वेळ साडेदहा झाली, आणि ती वेळ आदेशात, जादा तासांच्या खर्चासकट लिहिली गेली, की ती बंद करायला पुढच्या माणसाला नवा आदेश काढावा लागतो. आणि तोवर तिथे रोज तालीम करणारे तीन गट असतात, ते गप्प बसत नाहीत."

वकिलाने आदेशाचा मसुदा स्वतः करायचं कबूल केलं. खोल्यांची यादी ताई आणि प्लॅनर वॉर्ड वाटून घेऊन करणार आहेत. पहिलं संभाषण बुकिंगच्या कारकुनाशी, रेकॉर्डिंगशिवाय.